सुटली, आली, माणूस

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक माणूस राहतो. तो रोज सकाळी ऑस्ट्रेलियातल्या दहा-अकरा विमानांची हजेरी घेतो आणि ती सगळी जमिनीवर उतरल्याशिवाय दुपारचं जेवत नाही. ऑस्ट्रेलियात याची कुणाला खबर नाही. तिकडे आभाळ भरून आलं की इकडे मरोळला यांचं जेवण वेळेवर होतं, आणि तिकडे ऊन चांगलं पडलं की इकडे भात थंड.

या गृहस्थांचं नाव सदाशिव घाडीगावकर, पण आम्ही सगळे त्यांना स्टार्टरच म्हणतो. बसच्या शेवटच्या थांब्यावर पत्र्याची एक चौकी असते. तिच्यात बसून कुठली गाडी कधी सुटली, कधी आली हे तक्त्यावर लिहायचं आणि शिट्टी मारून पुढची गाडी सोडायची, हे काम करतो तो स्टार्टर. तीस वर्षं यांनी ते केलं. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. शिट्टी मात्र परत केली नाही.

नकाशावरचा पहिला ठिपका हलला की पूर्वी ते ती शिट्टी वाजवायचे. तक्रार झाली. आमच्या सोसायटीत गळक्या टाकीचा ठराव व्हायला तीन वर्षं लागली, म्हाताऱ्या माणसाच्या शिट्टीचा ठराव एका बैठकीत झाला, आणि तोही एकमताने. स्टार्टरांनी वाद घातला नाही. शिट्टीतला दाणा काढून टाकला. आता ती नुसती फुस्स करते, पण शिट्टी झाल्याशिवाय गाडी सुटली असं ते मानत नाहीत.

त्यांच्यावर हसणाऱ्यांत मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

त्यांना हा नाद लागला तो मुलामुळे. प्रकाश मुलुंडला राहतो. निवृत्तीनंतर वडील त्याला दिवसातून चार वेळा फोन करायला लागले. पोचलास काय, निघालास काय, वाटेत कुठे आहेस. वैतागून त्याने जुना लॅपटॉप आणून दिला आणि आकाशातली विमानं नकाशावर कशी दिसतात ते दाखवलं. आम्ही विमानतळाच्या कुशीत राहतो, दर दोन मिनिटांनी डोक्यावरून एक विमान जातं आणि मांडणीतले पेले किणकिणतात. प्रकाशला वाटलं, बाबांचा वेळ जाईल. बाबा दोन दिवसांत कंटाळले. म्हणाले, यांच्याकडे बघायला पगारी माणसं बसलीत, माझी काय गरज. मग शोधता शोधता त्यांना ग्लायडर सापडले.

ग्लायडरला इंजिन नसतं. दुसरं विमान त्याला दोरीने ओढून वर नेतं आणि सोडून देतं. पुढे तापल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची, घारीसारखं तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची आणि ती खर्च करत पुढे जायचं. पाच-सहा तास असं तरंगून मैदानावर परत यायचं. हवा मिळाली नाही तर जे शेत समोर दिसेल त्यात उतरायचं. म्हणून बरेच पायलट एक छोटी डबी सोबत ठेवतात. डबी उपग्रहांवरून स्वतःचा ठावठिकाणा ओळखते आणि उपग्रहामार्फतच दर दहा मिनिटांनी कळवते. वेबसाइटवरच्या नकाशात एक ठिपका पुढे सरकतो. एवढंच.

स्टार्टरांना एवढं पुरलं. परत येईलच अशी खात्री नसलेली गाडी त्यांना मिळाली.

ग्लायडर म्हणजे गाडी, पायलट म्हणजे ड्रायव्हर आणि मैदान म्हणजे डेपो. उपग्रहांबद्दल त्यांना फार आदर. "वर स्टार्टर बसलेत, चोवीस तास ड्युटी, लघवीलासुद्धा उठत नाहीत," असं ते मला एकदा म्हणाले. पण आदर असला तरी विश्वास बेताचाच. "ठिपका म्हणजे गाडी नव्हे. ठिपका म्हणजे दहा मिनिटांपूर्वी गाडी तिथे होती." हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या आंदोलनाच्या एका सभेत ते चुकून माझ्या तोंडातून निघालं.

त्यांचं दुसरं वाक्य छोटं होतं. एरवी ते मुंबईचं मराठी बोलतात, पण हे वाक्य कायम गावच्या बोलीत. दूधवाला म्हणाला पाणी आलं, वॉचमन म्हणाला लिफ्ट चालू झाली, कुणीही काहीही आलं म्हणालं की हे विचारणार, "इली म्हणजे? डोळ्यांनी बघलंस?" समोरचा गडबडतो. आपण दिवसभरात किती गोष्टी न बघताच आल्या म्हणतो, ते त्यांच्या शेजारी राहिल्याशिवाय कळत नाही.

त्यांची वही लांबट. रोजचं एक पान, पट्टीने आखलेलं. रकाने असे: गाडी, सुटली, आली, माणूस, शेरा. सुटली आणि आली यांत वेळ. 'माणूस' या रकान्यात फक्त टिक, आणि ती दुसऱ्या दिवशी. कारण घरी गेल्यावर पायलट आपल्या उड्डाणाची नोंद स्वतः त्या वेबसाइटवर चढवतात. ती दिसली की म्हणायचं, माणूस हातीपायी धड आहे. शेऱ्यात मात्र स्टार्टरांचा हात मोकळा सुटतो. 'उगाच घिरट्या.' 'ड्रायव्हर नवीन, घाई करतो.' 'शेतात उतरली, टोइंग करून आणली.'

शेतात उतरलेली गाडी टोइंगने आली हे त्यांना मरोळला कसं कळतं, असं मी विचारलं होतं. सोपं आहे म्हणाले. ठिपका शेतात थांबतो. ड्रायव्हर फोन करतो, डेपोतून लोक लांब ट्रॉली घेऊन येतात, पंख काढून गाडी तिच्यात भरतात. तास-दीड तासाने तोच ठिपका हलतो, पण आता वळणावळणाने नाही, रस्ता धरून. "रस्त्याने आली की समजायचं, बाबा घरी निघाला."

प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत मात्र ग्लायडर नसे. तिथे एका बसचा नंबर. सुटली १-५०. आली या रकान्यात २-३५ लिहून त्यावर आडवी रेघ, शेजारी ७-१०. 'माणूस' कोरा. रोज तेच. रोज २-३५ लिहायचं आणि रोज खोडायचं. मला वाटलं, जुन्या नोकरीची सवय, काही लोक पानावर श्री लिहितात तसं. खोडलेलंसुद्धा जसंच्या तसं उतरवतात हे बघून, म्हातारपणी डोकं असं चालतं, असा शेरा मी मनातल्या मनात मारला होता.

सुमतीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, यांचं बोलणं मात्र पूर्ण मालवणी आणि पूर्ण धारदार. "आमचो झील प्रकाश आपणहून फोन करता, बाबा पोचलंय म्हणान. ह्ये त्येका सांगतत, बरां, ठेव, लायन बिझी करू नको. आणि आस्ट्रेलियात कोणाचो कोण उडता, त्येच्यासाठी माझी आमटी तीनदा गरम." बोलतात अशा, पण स्वतःही तोवर जेवत नाहीत. एकदा मी सकाळी डोकावले तर स्टार्टर आंघोळीला गेलेले आणि काकू चष्मा लावून लॅपटॉपसमोर. मला बघून म्हणाल्या, दूध उतू जाईल म्हणून बसलेय. दूध स्वयंपाकघरात होतं.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो बसमुळेच. आरे कॉलनीतून जाणाऱ्या एका मार्गावरच्या फेऱ्या निम्म्याने कमी झाल्या. कुणाला विचारलं नाही, थांब्यावर कागद चिकटवला नाही. पाड्यांवरच्या बायका, ज्या सकाळी सहाला अंधेरीत धुणीभांडी करायला येतात, त्या तासतास उभ्या राहायला लागल्या. रिक्षा परवडत असती तर त्या भांडी घासायला आल्या नसत्या, इतका साधा हिशेब ज्यांना कळत नाही ते फेऱ्या ठरवतात. मी आणि माझ्याबरोबरच्या पाच-सहाजणांनी पत्रक काढलं. म्हटलं, आपल्याच बिल्डिंगमध्ये त्या मार्गाचा जुना स्टार्टर आहे, पहिली सही त्यांची घेऊ.

त्यांनी पत्रक चष्म्यात धरून वाचलं. पहिल्याच ओळीत थांबले. 'रोज हजारो प्रवाशांचे हाल.'

"हजारो. मोजलेस?"

मी म्हटलं, काका, पत्रकात असं लिहितात.

"तक्त्यात नाही लिहीत." आणि पत्रक परत दिलं.

मी चिडले. जिना चढताना चार शब्द मनात दिले. ज्यांनी आयुष्यभर वरून आलेला कागद मुकाट्याने पाळला त्यांना आंदोलन काय कळणार, वगैरे. पण ते 'मोजलेस' डोक्यात टोचत राहिलं. पुढच्या आठवड्यात दोन दिवस मी आणि माझी मैत्रीण पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत थांब्यावर बसलो आणि प्रत्येक माणूस मोजला. हजाराच्या जवळपासही नव्हते. पण प्रत्येक जण किती मिनिटं उभा राहिला, कुणाचं काम गेलं, कुणाची शाळा बुडली, हे सगळं नावानिशी हातात आलं. ते पत्रक जेव्हा आम्ही बसच्या ऑफिसातल्या साहेबाच्या टेबलावर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा त्याने वाचलं. एरवी हजारो म्हटलं की ते लोक हसून बाजूला ठेवतात.

स्टार्टरांनी नवं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. सही केली. पण त्या मार्गावरच्या जुन्या दिवसांबद्दल काही सांगा म्हटलं, तर मान वळवून लॅपटॉपकडे बघत म्हणाले, आज हवा चांगली आहे, आमची जिल्हा परिषद लांब जाणार.

जिल्हा परिषद म्हणजे झेड-पी. ग्लायडरच्या शेपटीवर इंग्रजी अक्षरं असतात, त्यांतला हा एक. नकाशावर नुसती अक्षरं दिसायची, पायलटचं नावगाव काही नाही. पण तो म्हातारा आहे आणि एकटा आहे, हे स्टार्टरांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, कशावरून? म्हणाले, घाई नाही. स्पर्धा असली तर भाग घेत नाही. सगळे उत्तरेकडे गेले तर हा दक्षिणेकडे. नेहमी एका ठरावीक टेकडीवर चार घिरट्या जास्त घालतो, तिथे हवा नसली तरी. "आणि बाकीच्यांचे ठिपके बघायला घरची माणसं असतात. वेबसाइटवर किती जण बघतायत ते खाली येतं. याचा ठिपका बघणारा एकच."

तो एक म्हणजे हे.

जानेवारीत, एका शनिवारी, मी दुसऱ्या पत्रकाचा मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेले. साडेअकरा वाजले असतील. आमच्यापेक्षा तिकडचं घड्याळ साडेपाच तास पुढे. बाकी गाड्या एकेक करून डेपोत लागल्या होत्या. झेड-पीचा ठिपका मात्र मैदानापासून बऱ्याच अंतरावर एका कोरड्या नदीच्या पात्रात थांबला होता. दहा वाजल्यापासून.

मी म्हटलं, शेतात उतरला असेल, नेहमीसारखा.

"उतरला. पण दीड तास झाला. रस्त्याला लागला नाही."

उन्हाळ्यात तिकडे किती तापतं ते त्यांना पाठ होतं. त्यांनी मला सांगितलं नाही, फक्त तापमानाचा आकडा बोटाने दाखवला. ठिपका दर दहा मिनिटांनी नवा येत होता, म्हणजे डबी जिवंत होती. तिच्यावर मदत मागायचं बटण असतं. ते दाबलेलं नव्हतं. याचे दोनच अर्थ. एकतर मदत नको आहे, नाहीतर हात पोचत नाही.

"तुझं इंग्रजी बरं," ते म्हणाले. "फोन लाव."

त्या मैदानाच्या क्लबचा नंबर त्यांनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर कधीचाच लिहून ठेवला होता. मी लावला. एका वयस्क बाईने उचलला, मागे कपबशांचा आवाज. मी सांगितलं, मुंबईहून बोलतेय. तिने विचारलं, भारतातली मुंबई? मी हो म्हटलं. पुढे काय सांगावं सुचेना, म्हणून म्हटलं की आमचे एक वरिष्ठ वाहतूक अधिकारी तुमच्या झेड-पीची चौकशी करतायत. पत्रकात खोटं लिहायचं सोडलं होतं, फोनवर अजून सोडलेलं नव्हतं.

बाई गोड होती. तिने बघून सांगितलं, पाटीवर सगळ्यांच्या नावापुढे खूण आहे, सगळे परत आलेत, काळजी नको. मी तोंडावर हात ठेवून ते मराठीत सांगितलं. म्हटलं, काका, आलाय तो. पाटीवर लिहिलंय, आला म्हणून.

स्टार्टर उभे राहिले. त्यांना इतक्या झटकन उठताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"तिला विचार. डोळ्यांनी बघलंस?"

इंग्रजीत ते फार उद्धट वाटतं. तरी मी विचारलं. मग ती म्हणाली, थांब, बघून येते. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. दार उघडल्याचा झाला. इकडे काकू स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या, हातात झारा तसाच.

बाई परत आली तेव्हा तिचा आवाज तोच नव्हता. म्हणाली, त्याची ट्रॉली रिकामी उभी आहे. त्याची मोटारसुद्धा इथेच आहे. मला जागा सांगा.

मी ठिपक्यावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, तिने परत वाचून घेतले. स्टार्टर शेजारून सांगत होते, वेळ पण सांग, शेवटचा ठिपका किती वाजताचा ते सांग. तेही सांगितलं. पाटीचं कोडं तिनेच सोडवलं. परतताना त्याने वायरलेसवर कळवलं होतं, दहा मिनिटांत पोचतो. पाटी सांभाळणाऱ्याला घरी जायचं होतं. आता येईलच म्हणून त्याने आधीच खूण केली आणि गेला.

मी फोन ठेवला आणि त्या माणसाला शिव्या घालायला सुरुवात केली. काय बेजबाबदार लोक, आणि हेच आपल्याला शिस्त शिकवणार. स्टार्टर खाली बसले होते. म्हणाले, त्याला बोलू नको.

मग त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. आरेचीच गाडी, परब नावाचा ड्रायव्हर. सकाळपाळीची शेवटची फेरी, एक पन्नासला चौकीवरून सुटायची, आरेत प्रवासी सोडायचे आणि रिकामी परत, दोन पस्तीसला. कंडक्टर तिथल्याच पाड्यातला, तो वाटेत उतरून घरी जायचा. नियमात नव्हतं, पण चालायचं. परबची गाडी कधी मिनिटभर मागेपुढे व्हायची नाही. त्या दिवशी प्रकाशच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. अडीचला स्टार्टरांची पाळी संपत होती. सगळेच स्टार्टर करायचे ते त्यांनी केलं. दोन पंचवीसला तक्त्यावर दोन पस्तीस लिहिलं, आली, आणि निघाले.

वाटेत झाडाखाली परबला अर्धांगवायूचा झटका आला. तशातही त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मग डोकं स्टिअरिंगवर टेकलं. आरेतला तो आतला रस्ता, पण अगदीच निर्जन नव्हता. तीन-चार माणसं गेली. नंतर सगळ्यांनी एकच सांगितलं. आम्हाला वाटलं ड्रायव्हर झोपलाय. चौकीवर दुसऱ्या पाळीच्या माणसाने तक्ता बघितला. गाडी आलेली. मग कोण शोधणार? सहाच्या पुढे दुधाच्या टेम्पोवाल्याने काच ठोकली.

"डॉक्टर म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर," स्टार्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडलं.

परब त्यानंतर नऊ वर्षं जगला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. स्टार्टर दर गुरुवारी, आपल्या सुट्टीच्या दिवशी, त्याच्या घरी जायचे. त्याची दाढी करायचे. आणि दाढी करता करता झालेलं सगळं सांगायचे, पहिल्यापासून, दर गुरुवारी. परब ऐकायचा, बघायचा.

"माफ केल्यान की नाय, तां माका खंय कळतलां," ते म्हणाले. "बोलणां गेलेलां."

मला राहवलं नाही. मी बोलत सुटले. म्हटलं, काका, यात तुमचा दोष नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये पाच मिनिटंसुद्धा जास्तीचा माणूस नाही, गाडीत वायरलेस नाही, ड्रायव्हरची तपासणी नाही. हा व्यवस्थेचा दोष आहे. एका माणसाच्या डोक्यावर तो टाकायचा हेच तर त्यांना हवं असतं. यातला शब्दन् शब्द खरा होता, आजही खरा आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तां तुझ्या पत्रकात लिही. माझ्या वहीत नको."

काकूंनी चहा आणून ठेवला. त्यांना ही गोष्ट ठाऊक होती, अर्थातच. त्या दिवशी पहिल्यांदा त्या उघडपणे, कुठल्याही दुधाची सबब न सांगता, लॅपटॉपसमोर बसल्या. ठिपका हलत नव्हता. बारा चाळीस. बारा पन्नास. एक. चहावर साय धरली.

सव्वाला माझा फोन वाजला. तीच बाई. सापडलं, ती म्हणाली, ग्लायडर सापडला. मी ओरडूनच सांगितलं, काका, गाडी सापडली.

"गाडी सोड," ते म्हणाले. "माणूस?"

मी विचारलं. माणूस होता. शहात्तर वर्षांचा. उतरताना पंख खडकाला लागून गाडी उलटी फिरली होती, एक हात आणि मांडी मोडली होती, डबी डोक्यामागे, हात पोचत नव्हता. उन्हाने सुकला होता, पण शुद्धीवर. शोधायला आलेल्यांना त्याने पहिला प्रश्न विचारला की पाटीवर माझी खूण कुणी केली.

"म्हातारो शहाणो असा," स्टार्टर म्हणाले.

पण वही उघडली नाही. मी म्हटलं, लिहा ना आता. ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं. मी त्या बाईला लिहिलं की आमच्या अधिकाऱ्यांना फोटो लागेल. वीस मिनिटांनी आला. स्ट्रेचरवर एक पांढऱ्या दाढीचा माणूस, तोंडावर धूळ, एक डोळा मिटलेला. स्टार्टरांनी मोबाइल नाकाशी धरून फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितला. आली या रकान्यात काही लिहिलं नाही, कारण गाडी अजून पात्रातच होती. 'माणूस' मध्ये टिक केली. शेऱ्यात लिहिलं, 'दाढी करायला हवी.'

त्या दिवशी आम्ही तिघं दोन वाजता जेवलो. बांगड्याची आमटी चौथ्यांदा गरम केलेली होती आणि काकूंनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशीचं पान मी मुद्दाम बघितलं. माझी एक खुळी अपेक्षा होती. पहिली ओळ तशीच होती. सुटली १-५०. २-३५ लिहून खोडलेलं. ७-१०. 'माणूस' कोरा. एक म्हातारा वाचला म्हणून दुसऱ्याचा रकाना भरत नाही. हे मला पत्रकाच्या भाषेत अजून मांडता आलेलं नाही.

झेड-पीचा ठिपका महिनोन्‌महिने दिसला नाही. त्याची ओळ स्टार्टर रोज आखतात आणि 'सुटली' कोरं ठेवतात. गाडी दुरुस्तीत, असा शेरा.

आमची लढाई चालू आहे. चारपैकी दोन फेऱ्या परत मिळाल्या, बाकीच्या मिळवू. सभा, भेटी, खेटे. संध्याकाळी घरी येते तेव्हा पूर्वी मी मागच्या जिन्याने जायचे, तो जवळ पडतो. आता पुढून जाते. स्टार्टर खिडकीत बसून उद्याचं पान आखत असतात. मी खिडकीसमोर थांबते. ते मान वर करतात, डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतात, आणि पुन्हा खाली मान घालून काहीतरी लिहितात.

काय लिहितात, ते मी विचारलेलं नाही. ते मान वर करेपर्यंत मी तिथून हलत नाही, एवढंच.